दाजी भोपींची हजेरी

नकला कशा कराव्यात यावर मी पुस्तक लिहावं, अशी पनवेलात दोन माणसांची इच्छा आहे. एक मी. दुसऱ्याचं नाव आठवलं की सांगतो. आतापर्यंत अकरा प्रकरणं लिहून झाली आहेत. घसा, घाम, टाळी कधी येते, टाळी का येत नाही, पेट्रोमॅक्स मध्येच विझली तर काय करावं, पुढच्या रांगेत मूल रडायला लागलं तर काय करावं (आईची नक्कल करावी, मूल गप्प होतं आणि आई उठून जाते). बारावं प्रकरण 'शेवट कसा करावा' याचं आहे आणि ते चार वर्षं अडून बसलंय. त्यात सांगण्यासारखी एकच गोष्ट आहे आणि ती सांगू नये असं माझ्या बायकोचं, हेप्झिबाचं म्हणणं आहे. आज हेप्झिबा बहिणीकडे ठाण्याला गेली आहे, तेव्हा लिहून टाकतो.

लोकांना वाटतं, नकलाकार आवाज पकडतो. आवाज शेवटी येतो हो. आधी श्वास पकडायचा असतो. माणूस कुठल्या शब्दाआधी थांबतो, हवा नाकाने घेतो की तोंडाने, वाक्य संपल्यावर छातीत किती उरते, एवढं कळलं की आवाज आपणहून येऊन बसतो. हे मी गर्वाने सांगतो, कारण माझा दुसरा कुठलाच गर्व टिकलेला नाही. पोटासाठी मी एका कचेरीत आवक-जावक कारकून आहे. बाहेरून आलेला कागद माझ्या टेबलावरच्या ट्रेमध्ये पडतो, मी त्याच्यावर शिक्का मारतो, नंबर घालतो आणि पुढे पाठवतो. कचेरी कुठल्या खात्याची ते सांगत नाही. आमचे साहेब मासिकं वाचतात.

या कचेरीत दाजी भोपी रेकॉर्डकीपर होते. राहायला कळंबोलीला, तिथून मिठागरांच्या कडेने रोज चालत यायचे. रेकॉर्डरूममध्ये बावीस कपाटं, प्रत्येकात लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे, आणि त्या सगळ्याची यादी फक्त दाजींच्या डोक्यात. कुठलाही कागद मागा. दाजी दोनदा खोकायचे, उजव्या हाताचं बोट जिभेला लावायचे, डोळे मिटायचे, नाकाने एक लांब श्वास घ्यायचे आणि म्हणायचे, "हाय." मग पत्ता यायचा. "सातवा कपाट, खालचा खण, उंदरानं कुरतडल्याला गठ्ठा हाय त्याच्या मागं." सव्वीस वर्षांच्या नोकरीत दाजी कुणाला 'नाय' म्हणाल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

अशा माणसाची नक्कल न करणं हे पाप झालं असतं. मी चार महिने दुपारचा डबा रेकॉर्डरूममध्ये खाल्ला आणि तो श्वास शिकलो. १९५७ साली कचेरीच्या सत्यनारायणाला दाजींना समोर बसवून त्यांची नक्कल केली. माझा शेवट असा होता: पट्टेवाला फाईल न मिळून रिकाम्या हाताने परत येतो, आणि दाजी म्हणतात, "मंग सायबांनीच खाल्ली असंल." लोक हसले. साहेबसुद्धा हसले, म्हणजे एकदा हसले आणि आजूबाजूला बघून थांबले. दाजी मात्र नुसते बघत होते. प्रसाद घेताना माझ्याजवळ आले.

"बरा केलास, आपटेकर. पन शेवट चुकला. मी तसा बोलत नाय."

"मग कसं बोलता, दाजी?"

"सांगीन. घाई काय हाय?"

आठ दिवसांनी दाजी रेकॉर्डरूममधल्या स्टुलावर बसल्या बसल्या गेले. मांडीवर गठ्ठा उघडा होता. बोट ओलं होतं असं काळूराम पट्टेवाला सांगतो, पण काळूराम नेहमीच थोडं जास्त सांगतो.

मला वाईट वाटलं, फार वाटलं. पण खरं सांगायचं तर त्यात शेवट न कळल्याचं दुःखही होतं, कारण पुढच्याच पंधरवड्यात माझा पहिला तिकिटाचा कार्यक्रम ठरला होता. 'झकेरिया आपटेकर: अडीच तास एकटे.' शाळेचा हॉल घेतलेला, गुलाबी कागदावर पाचशे हँडबिलं छापलेली. ती ठेवायला जागा नव्हती म्हणून ऑफिसात आवकच्या ट्रेमध्ये ठेवली होती. आयुष्यात एकदा तरी लोकांनी आपल्याला सत्यनारायणाच्या प्रसादाबरोबर फुकट न घेता पैसे मोजून ऐकावं, एवढंच माझं मागणं होतं.

कार्यक्रमाला परवाना लागतो. अर्ज केला. अर्ज परत आला: 'अशा स्वरूपाच्या मागील कार्यक्रमाच्या परवान्याची नक्कल जोडावी.' नकलेच्या कार्यक्रमाला नक्कल जोडायची, हा सरकारी विनोद मला तेव्हा फारसा आवडला नाही. गावात कुणाचा तरी असा मागचा कार्यक्रम झाला होता स्वातंत्र्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी, आणि त्याचा कागद रेकॉर्डरूममध्ये. बावीस कपाटं आणि सांगणारा गेलेला. मी आणि काळूराम दोन दिवस धूळ खात होतो. तिसऱ्या दिवशी काळूराम वैतागून म्हणाला, "आपटेकर, तुमाला येतंय ना दाजींचं? मंग इचारा की त्यांनाच."

मी गंमत म्हणून केलं. दोनदा खोकलो, बोट जिभेला लावलं, डोळे मिटले, श्वास घेतला. "हाय," मी म्हणालो. "अकरावा कपाट, वरचा खण, डावीकडनं तिसरा." तोंडाला येईल ते बोललो होतो. काळूराम हसत हसत स्टुलावर चढला. त्याचं हसणं वर पोचेपर्यंत थांबलं होतं. त्याने गठ्ठा खाली आणला, सोडला, आणि परवान्याचा कागद सगळ्यात वर होता.

योगायोग. मीही तेच म्हणालो. पण काळूरामच्या तोंडात तीळ भिजत नाही. तासाभरात हेडक्लार्क एका जमिनीचा नकाशा मागायला आले. तो तीन वर्षं सापडत नव्हता. मी नको नको म्हणत केलं. "हाय. दुसरा कपाट, मधला खण, भिंतीच्या बाजूला." होता. दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. तिसऱ्या दिवशी खिडकीशी तळोज्यापासूनचे शेतकरी रांगेत बसले होते, आणि त्यांतली एक म्हातारी माझ्यासाठी वांगी घेऊन आली होती. कलावंताला लोकांनी ओळखावं असं मला वाटत होतं, पण ते असं नव्हे. एकही माणूस 'काय हुबेहूब करता' म्हणाला नाही. कागद घ्यायचे आणि जायचे. एकाने तर जाताना मला, माझ्या तोंडावर, "दाजी, येतो" म्हटलं.

त्यानंतर सल्ले सुरू झाले. आमच्या शेजारचे कापडवाले कमरुद्दीन दुकान सोडून घरी आले. "आपटेकर, ही चीज हसण्याची नाय. मुर्द्याला आराम द्या. खुदा के वास्ते बंद करा." आणि उठताना हळूच, "तसं आमच्या वाडीचं एक खरेदीखत गहाळ आहे. बंद करण्याच्या आधी एकदा बघून घेता?" आम्हा यहुद्यांच्या सिनेगॉगचे सॅम्युअलकाका म्हणाले, की आपल्यात मेलेल्याला काही विचारायला जाणं मना आहे. मी म्हटलं, काका, मी विचारत नाही, मी फक्त उत्तर देतो. काका दाढी कुरवाळत म्हणाले, "मग तर जास्तच वाईट."

हेप्झिबाचं म्हणणं वेगळं होतं. शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावून आम्ही जेवायला बसलो. मी बोट जिभेला लावलं, चपात्यांच्या चवडीत घातलं, आणि वरच्या सोडून खालून चौथी चपाती ओढून काढली. ती माझ्याकडे बघत राहिली.

"अहो, शब्बाथला परका माणूस जेवायला आणायचा तर आधी सांगायचं असतं," ती म्हणाली. हसून म्हणाली, पण चपात्यांची चवड तिने माझ्यापासून लांब सरकवली. माझ्या नावाने तिने त्याच रात्री मलिद्याचा नवस बोलला. पोहे, खोबरं, गूळ, पाच फळं, सगळं आमच्या प्रेषित एलियाहू हानबीच्या नावाने. फक्त माझा नवरा मला एकटाच परत मिळू दे.

इकडे हजेरीपटाचा घोळ झाला होता. दाजींचं नाव हजेरीवरून काढलेलं नव्हतं. मी हेडक्लार्कना म्हटलं, अहो, माणूस गेला, नाव कापा. ते म्हणाले, "मरणाच्या नोंदीचा कागद हातात आल्याशिवाय एखाद्याला मेलेला समजण्याचा मला अधिकार नाही."

"पण सगळ्या कचेरीने खांदा देऊन त्यांना बैलगाडीत ठेवलं!"

"खांदा खाजगी असतो. कागद लागतो. कळंबोलीच्या पाटलाने नोंद पाठवली असणारच. ती गेली असणार रेकॉर्डला. आणि रेकॉर्डचं, आपटेकर, तुम्हाला माहीतच आहे." मग चष्मा पुसत म्हणाले, "शिवाय रेकॉर्डचं काम सध्या आधीपेक्षा भराभर होतंय. जागा रिकामी आहे असं मी वर कोणत्या तोंडाने कळवू?"

त्यांच्या हातातला हजेरीपट मी वाकून पाहिला. दाजींच्या नावापुढे गेल्यानंतरचे सगळे दिवस भरलेले होते. "मी नाही भरले," हेडक्लार्क म्हणाले. "मला वाटलं तुम्ही भरता."

त्या संध्याकाळी मी कचेरीतून निघालो. डोक्यात कार्यक्रमाचा विचार चालू होता, कुठली नक्कल आधी, कुठली नंतर. घर पाच मिनिटांवर. बराच वेळ चालल्यावर पायाखाली चिखल लागला म्हणून मान वर केली तर दोन्ही बाजूंना मिठागरं होती, ऊन कलतीला लागलं होतं, आणि समोर कळंबोली. मी तिथे जन्मात गेलो नव्हतो. पाय मात्र थांबले नाहीत. दोन वळणं घेतली, एका कुडाच्या दारापाशी उभे राहिले. तिथलं कुत्रं भुंकलं नाही, शेपूट हलवत पायाशी आलं.

दारात एक बाई हातात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. गुणाबाई, दाजींची बायको; सत्यनारायणाला आली होती. मला बघितलं आणि तांब्या तिने खाली ठेवला.

"तुमी होय, आपटेकर," ती म्हणाली. "पावलं त्याची वाजली म्हनून पाय धुवाला पानी आनला."

मी दोन पावलं मागे सरलो.

"बसा. भिऊ नका, तुमच्यावर राग नाय माजा." ती उंबऱ्यावर बसली. "धाव्या दिवसाला कावळा शिवला नाय. आमी दोन वाजंपर्यंत तळ्यावर बसलो. काय काय कबूल केला त्याला. शेवटाला भटानं दर्भाचा कावळा केला नि शिवला असा धरला. पन गवताच्या कावळ्याला काय कळतंय? सगळी इचारतात, त्याचा जीव कशात अडकला? माला म्हाईत हाय कशात. तो अजून कामावर हाय. तुमी त्याला सुट्टी देत नाय."

"मी सोडतो, गुणाबाई. आजपासून नाही करत."

"तुमी करता का त्यो करतो?" ती म्हणाली. "तुमी नाय केला तरी त्यो येनार. कुनी काय मागितला तर त्याला नाय म्हनता येत नाय. घरात पन तसाच. चूल पेटवाला लाकूड नसला तरी हाय म्हनायचा, नि जाऊन घेऊन यायचा." तिने पदराने डोळे पुसले. "त्याला येकदा नाय म्हनाला शिकवा, आपटेकर. म्हंजी तो घराला यील, नि मंग जायाला मोकळा व्हईल."

मी अंधार पडायच्या आत परत निघालो. वाटेत तीनदा उभा राहून मी स्वतःचा श्वास तपासला.

रविवारी संध्याकाळी सहाला हॉल भरला. एकशे नव्वद तिकिटं! मागे लोक उभे होते. कमरुद्दीन पहिल्या रांगेत, सॅम्युअलकाका तिसऱ्या रांगेत अशा बेताने, की काही झालं तर उठून जाता यावं. हेप्झिबा कडेच्या खुर्चीवर हातात रुमाल पिळत होती. मी ठरवलं होतं, की दाजींची नक्कल करायचीच नाही. पावणेदोन तास चांगले गेले. चहावाला, एस.टी.चा कंडक्टर, वरातीतला बँडमास्तर. लोक हसत होते आणि मी सुखात होतो. मग मागून कुणीतरी ओरडलं, "दाजी!"

मी ऐकलं नाही असं दाखवलं. "दाजी! दाजी!" सगळा हॉल. टाळ्यांच्या तालावर. नकलाकाराने प्रेक्षकांना कधी नाही म्हणू नये, असं मी माझ्या पुस्तकाच्या तिसऱ्या प्रकरणात स्वतःच लिहिलेलं आहे. मी 'आज घसा बसलाय' म्हणायला तोंड उघडलं आणि दोनदा खोकलो.

तो खोकला माझा नव्हता.

लोक खूश झाले. कुणी सातबारा मागितला, कुणी बापाचा जन्मदाखला. "हाय," "हाय," पत्ते भराभर येत होते, लोक हसत होते, काही जण चक्क लिहून घेत होते. मी आतून बघत होतो. कुणी आपल्या घरात येऊन आपल्याच खुर्चीवर बसावं आणि आपण दारात उभं राहावं, तसं वाटत होतं. गंमत म्हणजे मला भीतीपेक्षा लाज जास्त वाटत होती, कारण तो माझ्यापेक्षा चांगला करत होता.

तेवढ्यात दारापाशी गलका झाला. लोक बाजूला सरले. गुणाबाई दिराबरोबर आली होती. नवरा जाऊन चौदावा दिवस, आणि घराबाहेर पडलेली बाई. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. तिला खुर्ची दिली, ती बसली नाही. उभ्यानेच, रंगमंचाकडे बघत, शेतावर हाक मारावी तशी तिने विचारलं:

"दाजी भोपीच्या मरनाची नोंद कुटं हाय?"

लिहून घेणाऱ्यांच्या पेन्सिली थांबल्या.

माझं बोट जिभेला लागलं. डोळे मिटले. श्वास आत यायला लागला. नाकाने, लांब, आणि तो संपेना. इतका मोठा श्वास माझ्या छातीत मावणारा नव्हता. मी मनात पत्ता शोधत होतो, कुठलंही कपाट, कुठलाही खण, पण आत काहीच नव्हतं. समोरचे लोक आपापला श्वास धरून बसले होते.

"नाय," दाजी म्हणाले.

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग कमरुद्दीनना हसू फुटलं. मग सगळा हॉल. सव्वीस वर्षांत न ऐकलेला तो शब्द ऐकून लोक खुर्च्यांवर लोळले. तो हशा अजून माझ्या कानात आहे. तसा मला आधी कधी मिळाला नव्हता आणि नंतरही नाही. हशा खाली यायला लागला तेव्हा आवाज परत आला, शांतपणे, घाई नसल्यासारखा.

"माज्याकडं आलीच नाय. तुज्याकडंच हाय, आपटेकर."

लोक उठून उभे राहिले. टाळ्या, शिट्ट्या. सगळ्यांना वाटलं, काय बसवलाय शेवट! मी दोन्ही हात जोडून उभा होतो. गुणाबाई एकटी हसत नव्हती. तिने रंगमंचाकडे बघून मान हलवली, कामावरून आलेल्या माणसाला 'चला' म्हणावं तशी, आणि वळून चालू लागली. दीर तिच्या मागे धावला. दारातून बाहेर पडताना तिने कडेला सरून एक माणूस जाईल एवढी जागा सोडली, आणि मगच स्वतः बाहेर पडली.

सोमवारी मी कचेरी उघडायच्या आधी दारात होतो. काळूरामने कुलूप काढलं. मी सरळ माझ्या टेबलाकडे गेलो आणि आवकचा ट्रे उपडा केला. उरलेली गुलाबी हँडबिलं पडली. 'झकेरिया आपटेकर: अडीच तास एकटे.' त्यांच्या खाली, सगळ्यात तळाशी, कळंबोलीच्या पाटलाचा कागद होता. दाजी बाबू भोपी, वय चौपन्न. शिक्का नाही, नंबर नाही. पंधरवडाभर मी माझ्या कार्यक्रमाचे कागद त्या माणसाच्या मरणावर ठेवून बसलो होतो. मी आवक कारकून. दुसऱ्या कुणाचाही दोष नव्हता.

मी शिक्का मारला. नंबर घातला. स्वतः चालत हेडक्लार्ककडे नेला. त्यांनी वाचला, तांबडी शाई मागवली, आणि दाजींच्या नावावर रेघ ओढली. काळूराम दारात टोपी काढून उभा होता. त्या दुपारी कळंबोलीहून निरोप आला. सकाळी गुणाबाईने पुन्हा पान वाढून अंगणात ठेवलं होतं. ती मागे वळायच्या आत कावळा आला आणि शिवला.

मलिदा झाला. सॅम्युअलकाका आले, गायले, पाच फळांतली दोन तर त्यांनीच खाल्ली. त्यानंतर रेकॉर्डरूममधलं काही सापडत नाही. लोक मला अजून विचारतात. मी दोनदा खोकतो, बोट ओलं करतो, श्वास घेतो. नुसता एक आवक कारकून खोकतो. हेप्झिबा म्हणते, बरं झालं.

तर बारावं प्रकरण, 'शेवट कसा करावा.' मला माहीत नाही. दाजींना माहीत होता, आणि सांगीन म्हणाले होते तसा त्यांनी सांगितला. मला एवढंच लिहिता येतं, की तेव्हापासून माझ्या ट्रेमध्ये कुणाचाही कागद मी मुक्कामाला ठेवत नाही.